चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर : एचआयव्ही होऊ नये म्हणून रोजची गोळी



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत आपण आरोग्यावर बोललो. रक्त कमी असणं, पाळीचा त्रास, अंगावरून पांढरं जाणं असे नेहमीचे विषय झाले. शेवटी मी बिस्किटांचा एक रिकामा डबा फिरवला आणि म्हटलं, जे तोंडाने विचारवत नाही ते कागदावर लिहून टाका, नाव लिहू नका. अकरा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं : मालकाला एचआयव्ही आहे, मला नाही, मला होऊ नये म्हणून गोळी असते का.

त्या दिवशी माझ्याकडून दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे मी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. वाचून होते न होते तोच दोघीतिघी एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि एक ताई तर अक्षर कुणाचं आहे ते बघायला वाकल्याच. मी कागद मुठीत धरला. दुसरी चूक त्याहून मोठी. मी उत्तर दिलं, "अशी काही गोळी नसते, निरोध वापरायचा." मागून कुणीतरी बोललं, "ते त्यांना सांगा की मॅडम, आम्हाला काय सांगता." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि बैठक संपली.

घरी येताना गाडीवर तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. निरोध वापरायचा की नाही हे कोण ठरवतं? बाईच्या हातात त्यातलं किती असतं? दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका समुपदेशक ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, असते की गोळी. प्रेप म्हणतात तिला." एमएसडब्ल्यूला मी एचआयव्हीचा सगळा भाग वाचून पास झाले होते, पण गोळी म्हणजे आजार झालेल्याचीच, एवढंच डोक्यात बसलेलं. म्हणून हा लेख. ज्या ताईंनी चिठ्ठी लिहिली त्या कोण हे मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. उत्तर सगळ्यांच्या हातात पडलं की त्यांच्याही हातात पडेल.

गोळी करते काय

आपण पेरणीआधी बियाण्याला बीजप्रक्रिया करतो. रोग आल्यावर फवारणी करतो ती वेगळी. एचआयव्ही झालेल्या माणसाला एआरटीच्या गोळ्या देतात ती फवारणी समजा. प्रेप म्हणजे बीजप्रक्रिया : ज्याला एचआयव्ही नाही पण होण्याचा धोका आहे, त्याने आधीपासून घ्यायचं औषध. फरक एवढाच की बियाण्याला एकदा औषध लावलं की काम झालं, इथे रोज घ्यावी लागते.

एचआयव्हीचा विषाणू एकटा वाढू शकत नाही. तो आपल्या रक्तातल्या संरक्षण करणाऱ्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेत स्वतःच्या नकला काढतो. एकदा तिथे ठाण मांडलं की तो आयुष्यभर जात नाही. प्रेपच्या गोळीत सहसा दोन औषधं असतात, टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन. ही औषधं आधीच पेशीत जाऊन बसलेली असतील तर विषाणूला नक्कल काढता येत नाही, आणि शिरलेला विषाणू रुजण्याआधीच संपतो. म्हणजे औषध आधी घरात असलं पाहिजे. चोर आत आल्यावर कडी लावून उपयोग नाही.

हे औषध काही कालचं नाही. आधीपासून एआरटीत वापरलं जात होतं. आजार होऊ नये म्हणून वापरायला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की ज्यांना एचआयव्हीचा मोठा धोका आहे अशा सगळ्यांना ही गोळी देऊ करावी. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, २०२२ मध्ये प्रेपसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रोज न चुकता घेतली तर शरीरसंबंधातून एचआयव्ही होण्याचा धोका साधारण ९९ टक्क्यांनी कमी होतो. यातले "रोज न चुकता" हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. त्यांच्याकडे पुन्हा येते.

चिठ्ठीतल्या ताईंसाठी : आधी मालकांच्या गोळ्या

नवरा-बायकोपैकी एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी आपल्या तालुक्यातही आहेत. एचआयव्हीसह जगणारे लोक देशात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहेत, तेव्हा यात नवल काही नाही. अशा घरात पहिला प्रश्न बायकोच्या गोळीचा नसतो. नवऱ्याची एआरटी चालू आहे का, आणि तो ती रोज घेतो का, हा असतो.

कारण असं. एआरटी नीट घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडतच नाही. त्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. एआरटी केंद्रात ती फुकट होते, औषधंही फुकट मिळतात. आपल्या देशात सरकारने मोफत एआरटी २००४ पासून सुरू केली. व्हायरल लोडमध्ये विषाणू सापडत नाही आणि गोळ्या चालू आहेत, अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पण हजारो जोडप्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून हे तपासलं गेलंय.

मग बायकोने प्रेप कधी घ्यायची? नवऱ्याचा उपचार नुकताच सुरू झालाय तेव्हा. विषाणू खाली यायला काही महिने लागतात, साधारण सहा महिने धरतात. तेवढ्या काळात प्रेप पुलासारखी वापरता येते. दुसरं म्हणजे नवरा गोळ्या मध्येच सोडतो, दारू पिऊन विसरतो, ऊसतोडीला गेला की चार-चार महिने केंद्रात जात नाही, किंवा व्हायरल लोड केलेलाच नाही. तिसरं, मूल हवं आहे म्हणून निरोध बाजूला ठेवायचा आहे. केनिया आणि युगांडा या आफ्रिकेतल्या देशांत ४७०० हून जास्त अशा जोडप्यांचा अभ्यास झाला, त्याचे निकाल २०१२ मध्ये आले. या दोन औषधांची गोळी दिलेल्या जोडीदारांमध्ये नवीन लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडलं, म्हणजे जे खरंच घेत होते, त्यांच्यात ९० टक्क्यांनी.

एक गोष्ट मात्र करू नका. नवऱ्याच्या डब्यातली गोळी काढून स्वतः घेऊ नका. "औषध तेच, मग काय बिघडतं" असं वाटू शकतं. सध्या बहुतेकांना एआरटीत तीन औषधांची एक गोळी मिळते. ती त्याच्या तपासण्या करून त्याच्यासाठी दिलेली असते. त्यातली तुम्ही घेतली तर त्याला कमी पडते, त्याचा उपचार तुटतो, आणि धोका वाढतो तो तुमचाच.

डब्यातली गोळी आणि पोटातली गोळी

आता "रोज न चुकता" कडे येते. आफ्रिकेत बायकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमध्ये. पाच हजारांवर बायका होत्या. २०१३ मध्ये निकाल आला तेव्हा सगळे गार पडले, कारण गोळीचा काहीच फायदा दिसला नाही. गोळ्या मोजल्या तर बहुतेकींनी घेतल्याचं दिसत होतं. विचारलं तर त्याही हो म्हणत होत्या. पण साठवलेलं रक्त तपासलं तेव्हा तीनातल्या एकीच्याही रक्तात नीट औषध सापडेना. बायका गोळ्या नेत होत्या, घेत नव्हत्या.

का, हे विचारायला नंतर लोक पुन्हा त्यांच्याकडे गेले. ही एचआयव्हीची गोळी आहे, कुणी बघितलं तर मलाच आजार आहे असं समजतील, ही भीती होती. नवरा काय म्हणेल ही होती. मी धडधाकट आहे तर रोज औषध कशाला, हेही होतं. वाचताना मला वाटलं, यात आफ्रिकेतलं असं काय आहे? आपल्याकडे लोहाच्या गोळ्यांचं काय होतं ते आशाताईंना विचारा. आणि त्या तर लोहाच्या, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. सासूने कपाटातला डबा उघडला आणि विचारलं "हे कशाचं गं?" तर काय सांगायचं, याचं उत्तर कुठल्याच डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

पण याची दुसरी बाजू आपल्याच देशातली आहे. काही वर्षांपूर्वी मैसूर आणि कोलकात्यात वेश्याव्यवसायातल्या बायकांना प्रेप देऊन बघितलं गेलं. मैसूरला अशोदया समिती आणि कोलकात्याच्या सोनागाछीत दुर्बार महिला समन्वय समिती, या दोन्ही त्या बायकांच्या स्वतःच्या संघटना. दोन्हीकडे मिळून तेराशेच्या वर बायका होत्या. बहुतेकींनी गोळ्या खरोखर घेतल्या, आणि त्या काळात एकीलाही नव्याने एचआयव्ही झाला नाही.

आपल्यातल्या काहींना हे उदाहरण वाचून नाक मुरडावंसं वाटेल, मला माहीत आहे. थोडं थांबा. दुर्बारच्या बायकांची १९९५ पासून स्वतःची बचत-पतसंस्था आहे, उषा नावाची. सावकाराच्या आणि घरवालीच्या कर्जातून सुटायला त्यांनी ती काढली. म्हणजे पासबुक, हप्ता, बैठक हे सगळं त्यांनाही आपल्यासारखंच ठाऊक. माझं मत असं की गोळी तीच होती, फरक पडला तो शेजारी कोण होतं त्याने. मैसूर-कोलकात्यात आठवण करणारी, मळमळलं तर "होतं पहिले आठवडे" म्हणणारी, डबा सांभाळणारी ही त्यांच्यातलीच बाई होती. आफ्रिकेतल्या त्या अभ्यासात गोळी घेणारी बहुतेकदा घरात एकटी लपवत होती.

घ्यायची तर कशी

ही सगळ्यांनी घ्यायची गोळी नाही. नवऱ्याला एचआयव्ही आहे आणि वर सांगितलेली परिस्थिती आहे, जोडीदाराचे बाहेर संबंध आहेत आणि तो तपासणीही करत नाही, निरोधही वापरत नाही, वेश्याव्यवसायात आहात, अशांनी विचार करायचा. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे यांच्यासाठीही ती आहे. तुमच्या घरातही असं कुणी असू शकतं.

पहिली पायरी तपासणी. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसी असतं, तिथे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन फुकट होतं. तपासणी न करता प्रेप कधीच सुरू करायची नाही. समजा एचआयव्ही आधीच झालेला आहे आणि माहीत नाही, अशा वेळी ही दोन औषधं एकटी पुरत नाहीत आणि विषाणू त्यांना सरावतो. मग पुढे उपचाराला तीच औषधं लागू पडत नाहीत. सोबत मूत्रपिंडाची आणि ब प्रकारच्या काविळीची तपासणी करतात. ही कावीळ असेल तर गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करणं धोक्याचं असतं. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करत राहायची.

गोळी जेवणाआधी-नंतर कधीही चालते. वेळ मात्र ठरवून घ्या, रोजच्या एखाद्या कामाला बांधून. सकाळचा चहा, संध्याकाळची मालिका, काहीही. विसरली तर आठवल्यावर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळत नाही. बायकांच्या बाबतीत पूर्ण असर यायला साधारण तीन आठवडे रोज घ्यावी लागते, तोवर निरोध हवाच. सुरुवातीला काहींना मळमळतं, डोकं दुखतं, पोट बिघडतं, ते बहुधा काही आठवड्यांत थांबतं. गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांशी तिचं भांडण नाही. पण ही गोळी दिवस राहणं थांबवत नाही आणि गरमी-परमासारखे बाकीचे गुप्तरोगही थांबवत नाही. म्हणून निरोध शक्य असेल तिथे सोडू नका. आणि ही जन्मभराची गोळी नाही. धोका संपला की डॉक्टरांना विचारून थांबवता येते.

मिळते कुठे? खरं सांगायचं तर इथे अडचण आहे. एआरटीसारखी ती प्रत्येक सरकारी दवाखान्यात फुकट मिळेल असं समजून जाऊ नका. आयसीटीसीच्या समुपदेशकांना विचारा, आपल्या भागात सरकारी योजनेतून कुठे मिळते ते त्या सांगतील. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध दुकानात मिळते, त्याला दर महिन्याला पैसे लागतात, शिवाय तपासण्या आणि जाण्यायेण्याचं भाडं. नॅकोची १०९७ ही फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. फोन केल्यावर नंबर पुसून टाकायचा असेल तर पुसा, एवढं सांगते.

रोजची गोळी जमणार नाही असं वाटत असेल त्यांच्यासाठी एक बातमी. लेनाकॅपाव्हिर नावाचं इंजेक्शन आलंय, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात दोन हजारांहून जास्त तरुण मुली-बायकांना ते दिलं, त्यातल्या एकीलाही एचआयव्ही झाला नाही, असा निकाल २०२४ मध्ये आला. अमेरिकेत २०२५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कपाटात डबा नाही, सासूचा प्रश्न नाही. आपल्या गावापर्यंत येईल तेव्हा येईल, पण असं काही आहे हे माहीत असावं.

७२ तास

ही एक वेगळी गोष्ट आहे आणि तिला घाई असते. धोका होऊन गेलाय, निरोध फाटला, जबरदस्ती झाली, दवाखान्यात काम करताना सुई टोचली. अशा वेळी प्रेप नाही, पेप असते. ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यायची. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रीसुद्धा जा. "सकाळी बघू, बाजाराच्या दिवशी जाऊ" असं इथे करू नका. बलात्कार झालेल्या बाईला सरकारी-खासगी दोन्ही रुग्णालयांनी लगेच आणि मोफत उपचार द्यायचे आहेत, पोलिसांत तक्रार आधी पाहिजे अशी अट कुणी घालू शकत नाही.

गटात काय बोलायचं, काय नाही

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आपल्याला त्यातलं एवढं माहीत हवं : संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही तपासणी करता येत नाही. कुणाला एचआयव्ही आहे हे तिच्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही. आणि त्या कारणावरून नोकरी, शाळा, घर, दवाखाना नाकारता येत नाही. गटातून काढणं तर लांबच.

प्रेप घेणाऱ्या बाईला एचआयव्ही नसतो, हे तर उघडच आहे. तरी लोक डबा बघून उलटंच समजणार. म्हणून प्रेपच्या बाबतीतही तोंड बंदच ठेवायचं. कर्जाच्या रजिस्टरमध्ये कारण "दवाखाना" एवढं लिहिलं तरी पुरतं, कुठला दवाखाना आणि कशासाठी हे सचिव ताईंनी विचारायचं काही कारण नाही. दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचं भाडं जड जात असेल तर ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून मागता येतं, तिथेही "आजारपण" हाच शब्द चालतो. आणि एखादीला डबा घरी ठेवायची सोय नसेल तर दुसरीने आपल्या घरी ठेवावा, रोज संध्याकाळी पाणी भरायच्या निमित्ताने गाठ पडतेच. याची नोंद कुठल्याही वहीत करायची गरज नाही.

बिस्किटांचा डबा आता बैठकीत फिरवणार नाही. अंगणवाडीच्या पडवीत, वजनकाट्यामागे ठेवलाय, झाकणाला फट पाडली आहे. अक्षर ओळखू येईल असं वाटत असेल तर लेकरांकडून लिहून घेऊ नका, ती बाहेर बोलतात. डाव्या हाताने लिहा. मी लावते वाचून. चिठ्ठ्या मी एकटीच उघडणार, मोठ्याने वाचणार नाही, आणि उत्तरं याच पानावर येतील.